राजमतीकाकूंचा डाव

सातारा, २० जून २०१२

धवल्या,

अक्षरावरनं ओळखलंच असशील. बारावीला दोनदा आपटलेल्या माणसाचं हाय. मोबाईल वाईच्या घाटावर पाण्यात गेला. एक म्हातारी पाय धुवत होती, तिला हात द्यायला वाकलो आणि खिशातनं सटकला. म्हातारी म्हणाली, "नदीला दिलंस, देव दुसरा देईल." अजून दिला न्हाई. पण बरं झालं गड्या. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडान होतं. कागदावर भांडायला वेळ लागतो, तवर राग निवतो.

मी सध्या साताऱ्यात, लीलाबाईंच्या खानावळीच्या माडीवर. पत्ता पाठीमागं लिहिलाय. हात हलवून खेळायचा तो गेमचा डबा माझ्याबरोबर हाय. कुणाकडं वाढदिवस, हळद, बारसं असलं की खानावळीच्या फळ्यावर नाव लिहून जातात. मग मी टीव्हीखाली डबा लावतो, वर तीन डोळ्यांचा कॅमेरा, आणि म्हणतो, "उभं ऱ्हावा, हातात काय धरायचं न्हाई, नुसता हात हलवा." लोक आधी माझ्याकडं बघतात, मग मागं तारबिर हाय का बघतात. परवा नानासो म्हणून एक रिटायर सुभेदार होते, सत्तरीचे. दहा बाटल्या पाडायचा खेळ लावला. पहिल्या बॉलला सात पडल्या. दुसऱ्याला उरलेल्या तीन. सुभेदार असे ओरडले की हळदीची नवरी बाहेर पळत आली. नंतर मला म्हणतात, "पोरा, माझ्या नातवानं मला कवाच त्याच्या गेमला हात लावू दिला न्हाई."

हेच मी तुला सांगत होतो. तुझ्या दुकानात सहा मशिनी, सहा खुर्च्या, आणि येणारी पोरं सगळी एका साच्याची. सोळा ते बावीस वयाची, अंगठ्याला घट्टे. तुझा गेम शिकायला सहा महिने लागतात, माझा शिकायला काकूंना चार मिनिटं लागली. पुण्याच्या मॉलमधल्या गेमझोनला मी वर्षभर होतो तवाच बघितलं, आया-आज्या रांगेत आणि पोरं बाहेर. झोन बंद पडला तवा मालकानं पगाराऐवजी हा डबा दिला, आणि मी तो सरळ पलूसला तुझ्याकडं आणला. दुसऱ्या कुणाकडं न्हेणार होतो?

काकू पहिल्यांदा दुकानात आल्या तो दिवस आठवतो का? तुझी आई असून आठ वर्षांत कधी उंबरा चढल्या न्हवत्या. "जुगारच तो," म्हणायच्या. मंदिरातनं येताना मी हाक मारली, "काकू, एक डाव." पदर खोचला आणि पहिल्याच बॉलला आठ बाटल्या! पुढच्या आठवड्यात मंदिरातल्या दहा-बारा बायका. बॉक्सिंग लावलं तर काकू म्हणाल्या, "नको रं. माणूस खोटा असला तरी मारायचा भाव खरा हाय न्हवं." मग फक्त बाटल्या. मी मागनं ओरडायचो, "राजमतीकाकू सज्ज, पलूसचं वादळ सज्ज!" आणि त्या हसत हसत हात मागं न्यायच्या.

आणि एप्रिलात तू सगळ्यांदेखत काय बोललास? "हे गेमचं दुकान हाय, बायकांचा बाजार न्हाई. डबा उचल आणि चालता हो." मी उचलला. राग आला होता म्हणून उचलला. काकू चप्पल शोधत बसल्या.

चुकलं असलं तर सांग. तुझं.

बिरदेव


पलूस, ८ जुलै २०१२

बिरदेव,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चालल्यासारखं.

तू लिहितोस ते सगळं मला माहीत आहे. इस्लामपूरच्या भाऊसोनं तसले दोन डबे घेतलेत आणि "दुपारी बारा ते चार महिलांसाठी राखीव" अशी पाटी लावली आहे. सांगलीतही तेच. नवीन गेम येतात ते नाचाचे, व्यायामाचे, लहान मुलांना फुगे फोडायला लावायचे. माझी पोरं विचारतात, आपला पुढचा भाग कधी येणार? मी म्हणतो, येईल. येत नाही.

तुला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण मी आठ वर्षं बोटं घासली. कोल्हापूरच्या स्पर्धेत बाराशे पोरांतून तिसरा आलो तेव्हा आण्णा जिवंत होते. "तवनाप्पा, तुमच्या भुसार दुकानात पोरगा खेळणी मांडून बसलाय," असं गाव त्यांना ऐकवायचं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा लोकांना सांगितलं, "आमचा धवल अवघड काम करतो." आणि तू येऊन सिद्ध केलंस की ते काम कुणीही चार मिनिटांत करू शकतं. आईसुद्धा.

तेव्हा बोललो ते जास्त बोललो. पण चुकीचं बोललो असं मला वाटत नाही.

आई विचारते, बिरदेव जेवतो का. दिवस मावळायच्या आत जेव म्हणाली. बायका दुकानावरून जाताना आत बघतात. आई बघत नाही. सरळ जाते.

धवल


पलूस, १२ ऑगस्ट २०१२
(लिहिलं, पण टाकलं नाही)

बिरदेव,

आईला २७ जुलैला झटका आला. सकाळी मंदिरात पाटावर तांदळाचं स्वस्तिक काढताना हातातले तांदूळ सांडले. ते गोळा करायला गेली तर हातच येईना. मिरजेला नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलंय. पाय हळूहळू येतोय.

डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, रोज, पहिल्या सहा महिन्यांत जे येतं ते येतं, नंतर फारसं येत नाही. व्यायाम करवायला एक बाई येतात. त्या "एक, दोन, तीन" मोजायला लागल्या की आई डोळे मिटून घेते. काल मला म्हणाली, जीभ जड आहे अजून, पण कळलं, "बाटल्या असत्या तर उठला असता."

मी म्हटलं, बिरदेवला बोलावतो. तर तिनं डाव्या हातानं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "त्याला सांगायचं न्हाई. त्यानं मला उड्या मारताना बघितलंय. हे तोंड बघायला नको."

शपथ आहे रे. डबा मात्र पाहिजे. तुला न सांगता तो कसा मागू?


पलूस, १४ ऑगस्ट २०१२

बिरदेव,

तुझा डबा मला दोन-तीन महिन्यांसाठी पाहिजे. दुकानात मागणी आहे. तू सांगशील त्या दिवशी गाडी पाठवतो, किंवा मी येतो. काळजीनं वापरीन. लवकर कळव.

धवल


सातारा, २ सप्टेंबर २०१२

अहाहा धवलशेठ!

मागणी हाय व्हय? एप्रिलात बाजार होता, ऑगस्टात मागणी झाली? लीलाबाईस्नी वाचून दाखवलं, त्या भाकरी थापता थापता हसल्या. म्हणाल्या, "गरज पडली की माणूस गाडी पाठवतो, चुकलं म्हणत न्हाई."

बरोबर बोलल्या. तुझ्या पत्रात सगळं हाय रं, गाडी हाय, काळजी हाय, फक्त 'चुकलं' एवढं न्हाई. भाऊसोचं दुपारचं दुकान भरतंय म्हणून तुझ्या पोटात दुखतंय हे मला कळत न्हाई व्हय? मला डब्याची हाव न्हाई. तुला माहिताय, माझ्याकडं वस्तू टिकत न्हाई. पण हा डबा मी तुझ्या उंबऱ्यातनं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खांद्यावर टाकून न्हेलाय. परत आणायचा तर तूबी सगळ्यांसमोर, काकूंसमोर, तोंडानं माफी मागायची. मग दोन महिने काय, कायमचा ठेव.

आता गणपती आलेत. इथल्या तीन मंडळांनी डबा मागितलाय. एका मंडळात तर गुंडा म्हणून पैलवान हाय, कुस्तीत कुणाला ऐकत न्हाई, पण बाटल्यांच्या खेळात सातवीतल्या पोरीकडनं हरला आणि तिच्या पाया पडला. त्याची गंमत पुढं लिहीन. मधी फलटणला एक ऊसवाल्याचं लग्न हाय, मग पाटणकडं एका शाळेत. वाटेत एक धबधबा हाय म्हणतात, तो बघायचा हाय. त्यानंतर बघू.

काकूंना सांग, सुभेदारांनी त्यांचा विक्रम मोडला न्हाई. आठवड्याला विचारतात, "कोण ती पलूसची राजमती?" मी म्हणतो, हाय एक वादळ.

बिरदेव


पलूस, १ ऑक्टोबर २०१२
(क्षमावाणीच्या छापील कार्डात घातलेला कागद)

बिरदेवा,

आज आमची क्षमावाणी. तुला माहीतच आहे, दहा दिवसांचं पर्व संपलं की सगळ्यांची क्षमा मागायची, मनात काही ठेवायचं नाही. आईनं आज सकाळी मला शपथेतून सोडवलं. म्हणाली, "आजच्या दिवशी लपवून ठेवायचं न्हाई. लिही त्याला."

तिला २७ जुलैला झटका आला. उजवा हात चालत नाही. डबा दुकानासाठी नव्हे, तिच्यासाठी मागत होतो.

ऑगस्टात मी साताऱ्याला येऊन गेलो. लीलाबाईंनी मला ओळखलं नाही, तू वाईला गेला होतास. शपथ होती म्हणून निरोप ठेवला नाही. तीन तास बाकावर बसलो आणि शेवटच्या एस.टी.नं परत आलो, आईला एकटं ठेवता येत नाही. मग सांगलीतून तसाच दिसणारा एक डबा आणला. दुकानदार म्हणाला, हाच तो. घरी लावला तर नुसता देखावा. हात हलवून काही होत नाही, बटण दाबलं की बॉल जातो. मला हे कळायच्या आधी आईनं तीनदा हात उचलायचा प्रयत्न केला. खांदा हलला. बॉल गेला नाही. तिला वाटलं, तिचंच चुकतंय. मी सांगितलं, डबा खोटा आहे. ती म्हणाली, "न्हाई रं, मीच." त्यानंतर ती हात उचलायला बघतच नाही.

दोन महिने गेले. चार राहिले आहेत. बिरदेव, डबा तर पाहिजेच, पण तूही पाहिजेस. मी मागे उभा राहून "पलूसचं वादळ" म्हटलं तर ती माझ्याकडे केविलवाणं बघते. तू ओरडलास तर उठेल, असं तिला वाटतं. मला वाटतं की नाही हे विचारू नकोस.

तोंडानं माफी माग म्हणालास. तुझ्या पायाशी येऊन मागीन. आता हातानं मागतो. मी चुकलो. अवघड काम मी एकटाच करतो असं मला वाटायचं. आता रोज सकाळी आई डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडते ते बघतो.

ये.

धवल


सातारा, ११ नोव्हेंबर २०१२

धवल्या,

दिवाळीचा नमस्कार. काकूंना पहिला.

तुझं क्षमेचं कार्ड पोचलं. वरचं छापील पाकीट बघूनच हसू आलं. विसरलास व्हय, सहा वर्षं ती कार्डं मीच पाठवत होतो! काकू लाडू वळायच्या आणि मी ओट्यावर बसून पत्ते घालायचो. अडीचशे कार्डं. पिठाची गिरणी, वीज मंडळ, बँकेचे साहेब, उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर, आण्णांशी कोर्टात भांडणारा शेजारीसुद्धा. सगळ्यांना छापील, "कळत नकळत मन दुखावलं असल्यास". एकदा मीच माझ्या नावानं एक टाकलं होतं, आपल्याला कुणी पाठवत न्हाई म्हणून. काकूंना कळलं तवा त्यांनी मला जवळ घेऊन खरोखरची क्षमा मागितली. माझीच चूक, आणि त्यांनी मागितली.

तर तुझं कार्ड मी फोडलं न्हाई. रागावू नको. त्या अडीचशेत मला घातलंस, वीज मंडळाच्या शेजारी, ते जरा लागलं. पाकीट चांगलं जाड हाय, यंदा कागद भारी वापरलास. कॅमेरा टीव्हीवर डुगडुगत होता, त्याच्याखाली चौघडी करून घातलंय. आता हलत न्हाई. म्हणजे तुझ्या क्षमेवर माझा धंदा उभा हाय म्हण!

धंद्याचं म्हणशील तर गड्या, वारं फिरतंय. गणपतीत रांगा होत्या. दसऱ्याला एका सोसायटीत बोलावलं, तर निम्म्या बायका कोपऱ्यात मोबाईलवर बोट घासत बसलेल्या. रंगीत गोळ्या जुळवायच्या. म्हटलं, मावशी, उठा की, एक डाव. म्हणाल्या, "बसून होतंय की रं." मी म्हणत होतो बटणवाली पोरं मूठभर आणि बाकी जग माझं. ते जग माझंबी न्हवतं. दोन वर्षं उभं राहिलं, आता परत बसलं. नानासो सुभेदार तेवढे येतात. त्यांच्या नातवानं त्यांना अजून खेळू दिलेलं न्हाई.

तुला दोष देत न्हाई. तू आपलं शांतपणे, तुझ्या शाईनं, एक ओळ लिही. छापील नको. दुसऱ्या दिवशी येतो. आता महिनाभर माण-खटावच्या जत्रांत फिरणार हाय, एकानं टेम्पो दिलाय. पत्र खानावळीवरच टाक.

बिरदेव


पलूस, १७ नोव्हेंबर २०१२
(पोस्टकार्ड)

कार्ड उघड.

धवल


सातारा, २६ जानेवारी २०१३

धवल,

अकरा दिवस तुझ्या घरी होतो आणि तू माझ्याशी एक शब्द बोलला न्हाईस. जेवायला वाढलंस. अंथरूण घातलंस. म्हणून हे लिहितो. समोर असतो तर तू उठून गेला असतास.

तुझं पोस्टकार्ड मला ७ जानेवारीला मिळालं. टेम्पो दहिवडीला बंद पडला, मग एका गावात तमाशा होता, मग एकानं म्हटलं डोंगरावर लांडगे दिसतात. मी बघायला गेलो. दीड महिना तुझं पोस्टकार्ड लीलाबाईंच्या मिठाच्या बरणीला टेकून उभं होतं आणि मी लांडगे बघत होतो. दिसलेबी न्हाईत.

कॅमेऱ्याखालनं पाकीट काढलं. चिकटलं होतं, कुणाच्या तरी हळदीचे डाग. वाचलं. जेवणारी माणसं समोर होती. लीलाबाईंनी विचारलं, "कोण गेलं रं?" मी म्हटलं, कुणी न्हाई. आणि पहाटेची एस.टी. धरली.

काकूंनी मला बघून पहिल्यांदा काय केलं ते तू बघितलंस? पदर तोंडावर ओढला. डाव्या हातानं. मी म्हटलं, "काकू, वादळ का झाकताय?" तवा त्या हसल्या. अर्ध्या तोंडानं. मला वाटलं, झालं, आता हातबी येणार. मला आपलं असंच वाटतं नेहमी.

मी डबा लावताना तू दाराशी उभा होतास. तुला तिथनं टीव्ही दिसत न्हवता, म्हणून सांगतो. डबा सुरू झाला की पडद्यावर एक माणूस येतो न्हवं का, आपण हात वर केला की तोबी करतो. काकू भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि पडद्यावर ती बाई आली. डावा हात सरळ. उजवा लटकत होता, कोपरातनं मुडपलेला. मान एका बाजूला. काकूंनी पाच महिने आरशात बघितलं न्हवतं, तूच आरसा काढून ठेवला होतास. आणि मी बत्तीस इंची टीव्हीवर दाखवलं.

त्या बघतच राहिल्या. मी ओरडलो, "राजमतीकाकू सज्ज!" खांदा हलला. पडद्यावरच्या बाईचाबी खांदा हलला. हात हलला न्हाई. परत ओरडलो. परत खांदा. पाचव्यांदा त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तिचा हात वर कर की रं बिरदेव. डबा तुझा हाय न्हवं."

तू तवा आत निघून गेलास. तेवढं तुला ऐकू आलं असणार.

अकरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ लावला. शेवटच्या दिवशी करंगळी हलली असं मला वाटलं. काकू म्हणाल्या, "उगंच. वारा हाय." मग त्यांनी डाव्या हातानं एक बॉल टाकला. दोन बाटल्या पडल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू टाळ्या वाजव. तुला बरं वाटंल."

डबा तिथंच ठेवलाय. मी जाताना पाया पडलो तवा त्या म्हणाल्या, कळत नकळत काही बोलले असेन तर क्षमा कर. धवल, त्यांनी माझी मागितली. मी काय करू?

एवढंच विचारतो. त्यांनी मला माफ केलं. तू?

बिरदेव


पलूस, १० फेब्रुवारी २०१३

बिरदेव,

मिरजेला जाऊन आलो. सहा महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी हात तपासला, खाली ठेवला, आणि पायाबद्दल बोलायला लागले. पाय चांगला आला आहे. काठी सुटेल म्हणाले.

मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, तो खेळ ऑगस्टात मिळाला असता तर? ते म्हणाले, आला असता किंवा नसताही, असं सांगता येत नाही. हे तुला लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण खोटं लिहवत नाही. तू हे वाचून म्हणशील, म्हणजे कदाचित माझ्यामुळे नाही. असेलही. मी रोज त्या 'कदाचित'पाशीच अडकतो. एवढं कळलं असतं ना, की काही उपयोग नव्हता, तर मनात काही न ठेवता मी आजच स्वतः साताऱ्याला येऊन तुला घेऊन आलो असतो. आता ते कुणालाच कळणार नाही.

दुकानातल्या सहाही मशिनी विकल्या. शेवटी चारच पोरं यायची, तीही मोबाईल चार्ज करायला. भाऊसोनं "महिलांसाठी राखीव"ची पाटी काढली म्हणे, तिथं आता मोबाईल दुरुस्ती. मोकळ्या दुकानात तुझा डबा मांडला आहे, घरात जागा पुरत नव्हती. आई मंदिरातून येते, काठी भिंतीला लावते आणि उभी राहते. डाव्या हातानं खेळते. चार-पाच पाडते. मंदिरातल्या दोघीतिघी येतात, पण त्या खेळत नाहीत. बाकावर बसून तिचा डाव होईपर्यंत थांबतात आणि तिला घरी सोडतात.

तू विचारलंस, मी माफ केलं का.

आई म्हणते, कर. दोनदा म्हणाली. आमच्या धर्मात हे अवघड मानत नाहीत, रोज करायची गोष्ट आहे ती. मी कागद घेऊन बसलो, तुझं नाव लिहिलं, पुढचं लिहवेना. छापील पाठवता आलं असतं. तुला छापील पाठवणार नाही. तू ऑगस्टात माझं ऐकलं नाहीस, तो माझाच दोष, मी खोटं लिहिलं होतं. पण मी खरं लिहिलं तेव्हा तू ते कॅमेऱ्याखाली घातलंस. बिरदेव, मला समजतं की तुला माहीत नव्हतं. समजतं, आणि तरी होत नाही.

म्हणून येऊ नकोस. पत्रही नको. पुढे कधी झालंच तर मी लिहीन, माझ्या शाईनं.

आई रोज खेळायला उभी राहिली की आधी दाराकडे बघते. मग थोडं थांबते. मी जाऊन दार लावून घेतो. बाहेरचं ऊन आत आलं की कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, असं तिला सांगतो.

धवल